हिवाळ्यातील गळ
(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरसालच्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज एक अगदी साधा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. ऐन थंडीत पाण्याच्या काठावर बसून गळाने मासा कसा धरावा, हा तो विषय. भोयाच्या मुलाने भोयांच्या सभेत हे सांगावे, यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. तथापि ही विद्या आपल्या घराघरांतून किती वेगाने नाहीशी होत आहे, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. आणि त्या नाहीशा होण्यात माझाही हात आहे, म्हणूनच बोलण्याचे धाडस करतो.

माझा जन्म भीमेच्या काठचा. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि आमचा जुना काठ त्याच्या पाण्याखाली गेला. मी सांगतो ती गोष्ट त्याच्या आधीची, १९६४ सालची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तालुक्याच्या शाळेत शिकत होतो. वर्गातील मुलांनी वडिलांचा धंदा विचारला, तेव्हा मी ‘शेती’ असे उत्तर दिले होते. पुढे एका बाजारच्या दिवशी वडील डोईवर माशांची पाटी घेऊन शाळेच्या गल्लीतून चालले होते. त्यांनी मला पाहिले. मी मात्र मान फिरवली. ते काही न बोलता पुढे गेले. घरीही त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

त्याच वर्षी नाताळच्या सुटीत मी घरी आलो. आपणही काही कमी नाही हे दाखवावे, म्हणून पहाटे अंधारात उठून एकटाच नदीवर गेलो. ऊन येईपर्यंत बसलो. बोटे बधिर झाली, पण गळाला मासा शिवला नाही. परत आलो तो वडील चुलीपाशी स्वस्थ चहा घेत बसलेले. मला त्यांचा आळशीपणाच वाटला. ऊन चांगले वर आल्यावर ते उठले, मला बरोबर घेतले आणि नदीच्या उत्तर काठावर, काळ्या खडकांपाशी जेमतेम गुडघाभर पाण्यात त्यांनी गळ सोडला. तासाभरात तीन मासे निघाले. त्यांत एक हातभर लांबीचा शिंगाळा होता. मी थक्क होऊन पाहत राहिलो. ते एवढेच म्हणाले, “आरं, मासा बी उन्हाला बसतोय. तू अंधारात कुणाला हाका मारत हुतास?”

पुढे मी शास्त्राचा शिक्षक झालो. उष्णतेचा धडा शिकवताना एके दिवशी ध्यानात आले, की वडिलांनी त्या सकाळी मला हाच धडा दिला होता. माशाचे रक्त आपल्याप्रमाणे स्वतःची ऊब राखीत नाही. जेवढे पाणी थंड, तेवढाच मासा थंड. पाणी गारठले म्हणजे त्याचे पचन मंदावते, भूक घटते, आणि तो खोल पाण्यात निश्चल राहतो. रात्री काठचे उथळ पाणी लवकर निवते, म्हणून पहाटे काठाशी मासा नसतो. दिवस वर आला की तेच उथळ पाणी, त्यातील काळा खडक आणि गाळ आधी तापतात, आणि मासा खोलातून काठाकडे सरकतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उत्तर काठास ऊन अधिक मिळते. मोठ्या तलावावर आणखी एक गोष्ट पाहावी. वारा वरचे तापलेले पाणी ढकलीत नेतो, म्हणून दुपारी वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ धरावा. आभाळ निरभ्र असेल तर रात्र कडक पडते. दोन-तीन दिवस ढगाळ गेले तर रात्री उबदार राहतात आणि मासा बरा खातो.

आपल्या धंद्यात हंगामाचा आरंभच थंडीत सापडतो. पावसाळा हा रोहू, कटला, मृगल यांच्या विणीचा काळ. त्या काळात पाण्याला विश्रांती द्यावयाची. पाऊस सरला, पाणी निवळले, की कार्तिक-मार्गशीर्षात नवा हंगाम सुरू होतो आणि पाठोपाठ गारठा येतो. त्या वेळी पाणी काठोकाठ भरलेले असते आणि नाव नसलेला माणूसही काठावरून दोन मासे धरू शकतो. परंतु उन्हाळ्यातील रीत येथे चालत नाही. आमिष लहान असावे. गांडुळे शेतात मिळत नाहीत, ती उकिरड्याच्या उबदार मातीत शोधावी. ज्वारीच्या पिठात शेंगदाण्याची पेंड मळून बोराएवढी नव्हे, हरभऱ्याएवढी गोळी करावी. पाण्यात चारा टाकणे तो चिमूटभरच, कारण पोट भरलेला मासा थंडीत पुन्हा तोंड उघडीत नाही. उन्हाळ्यात मासा गळ घेऊन पळतो. थंडीत तो आमिष तोंडात धरून जागीच थांबतो. मोराच्या पिसाचा दांडा पाण्यावर किंचित कलतो, एवढीच खूण. वडील तर दोरी बोटावरच धरीत आणि डोळे मिटून बसत.

एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. पावसाळ्यात जन्मलेली पिले या दिवसांत बोटुकली असतात आणि काठाच्या उबेला तीच आधी येतात. वीतभर नसलेला मासा ते हात ओला करून सोडवीत आणि पाण्यात परत ठेवीत. रोहू अंडी घालण्याजोगी होण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. आज बारीक डोळ्यांच्या जाळ्यांनी हीच बोटुकली काठावरून पाट्या भरभरून काढली जातात, आणि मग उन्हाळ्यात आपणच म्हणतो, की पाण्यात मासा राहिला नाही. हा दोष परक्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

धरण झाले तेव्हा वडील उतारवयाचे होते. ज्या डोहांवर आयुष्य गेले ते नाहीसे झाले. समोर नुसता समुद्र पसरला. मला वाटले, आता ते गळ ठेवून देतील. पहिल्याच पौषात ते नव्या काठावर जाऊन बसले. मी विचारले, “दादा, इथलं तुम्हांला काय ठावं?” ते म्हणाले, “पाणी नवं हाय, पर ऊन तेच हाय की.” त्या दिवशी संध्याकाळी घरात मासा शिजला.

बंधुभगिनींनो, आमच्या जुन्या गावापासून खालपर्यंत भीमेतील प्रत्येक डोहाला वडिलांपाशी नाव होते, आणि कोणत्या डोहात थंडीत काय मिळते हे त्यांस मुखोद्गत होते. मला त्यांतील चारच नावे आठवतात. उरलेली विचारून घेईन म्हणत वर्षे गेली. वडील गेले, आणि डोह तर आधीच गेले होते.

कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यातील एका माशाच्या शास्त्रीय नावात आपला ‘शिंगाळा’ आजही नांदतो आहे. तो शब्द त्याला कोठून मिळाला असेल? नदीकाठच्या माणसांच्या तोंडूनच ना! परक्या माणसाने येथे येऊन आपले शब्द टिपून घेतले, आणि मी, घरचा शिकलेला मुलगा, वडिलांचे शब्द टिपू शकलो नाही. कारण अज्ञान नव्हते; कारण लाज होती. तिचे मूळ त्या शाळेच्या गल्लीत होते.

आपली मुले डॉक्टर, इंजिनिअर व्हावीत, यासाठी ही संस्था झटत आहे. त्यांनी परत गळच धरावा असे माझे म्हणणे नाही. माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. ज्यांच्या घरी पाणी जाणणारे आजोबा-आजी अद्याप आहेत, त्यांनी या हिवाळ्यात त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे आणि डोहांची, माशांची, वाऱ्यांची नावे उतरून घ्यावी. आणि एखाद्या दुपारी आपल्या मुलाला काठावर न्यावे, त्याच्या बोटावर दोरी ठेवावी. त्याला शाळेत कोणी विचारले, की तुझे आजोबा काय करीत, तर त्याने मान न फिरवता उत्तर द्यावे.