मजूर संघटनेत का जातो?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



"मजूर फार संघटना करायला लागले," अशी कुरकुर आपल्याच बैठकीत कानावर येते. मी विचारतो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला कोण जातं? आपल्याच घरची माणसं. कापूस-ज्वारीवर वर्ष निघत नाही, म्हणून पहाटे जंगल गाठतात. शेतकरी आणि मजूर एकाच चुलीवरचं जेवतात.

शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवलं, की माल नाशवंत असला की विकणाऱ्याची मान खाली. दूध-भाजीहूनही नाशवंत आहे मजुराचा दिवस. आजचा दिवस उद्या विकता येत नाही. घरात पीठ नसलेला एकटा माणूस काय घासाघीस करणार?

आता तेंदूच्या फळीवर चला. 70 पानांचं एक पुडकं आणि 100 पुडक्यांवर मजुरी. दिवाणजीनं दहा पुडकी बाद केली. एका बाईनं भांडून पत्ता परत नेला, तर ठेकेदाराचं काय अडतं? शेजारणीचा पत्ता आहेच. पण सगळं गाव थांबलं तर? हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. पान निबर झालं की विडीच्या कामाचं राहत नाही. मग ठेकेदाराचाही दिवस नासतो आणि तो बोलायला बसतो. मजूर संघटनेत जातो तो हा हिशेब कळला म्हणून.

मुंबईच्या कापड गिरण्यांतही हेच झालं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून गिरणी कामगारांना एकत्र केलं, आणि 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. सुट्टी प्रत्येकालाच हवी होती. एकट्यानं मागितली असती, तर त्याला कायमचीच सुट्टी मिळाली असती!

आपल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर पुढे गेलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये ग्रामसभेनं जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 2011 पासून गाव आपल्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागलं. मजुरी मागणारं गाव मालाचा भाव ठरवू लागलं.

तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाया मजुरी वाढवून मागायला एकत्र आल्या, तर त्यांच्यावर डोळे वटारू नका. त्यांची मजुरी आपल्या उत्पादन खर्चात धरा, आणि तो खर्च भरून निघेल असा भाव मागायला त्यांनाही सोबत घ्या. वेचणारी आणि पिकवणारा वेगळे उभे राहिले, तर फायदा व्यापाऱ्याचाच.