कड्यावरची अंजनी



दारात कोणतं सदाहरित झाड लावावं, एवढाच आजचा विषय आहे. बंगला बांधून झाला की मालकाला झाडाची घाई होते. बाराही महिने हिरवं हवं, लवकर उंच व्हायला हवं, म्हणून नर्सरीतून ख्रिसमस ट्री येतं आणि कुंपणाला अशुपालांची रांग उभी राहते. दोन्ही झाडं देखणी आहेत. पण लोणावळ्याजवळच्या या कुरवंडे गावाची हवा पाहा. कोकणातून चढून आलेला वारा नागफणीच्या कड्यावर आदळतो. वर्षाचा साधारण ४,००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि दिवाळी सरली की जूनपर्यंत जमीन तापत राहते. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. ख्रिसमस ट्रीची सगळी शोभा एका सरळ शेंड्यावर असते. वादळात तो शेंडा मोडला की झाडाचा डौल गेला तो गेलाच.

या हवेत मुरलेलं झाड आपल्याच रानात आहे. ती अंजनी. सह्याद्रीच्या माथ्यावरचं सदाहरित रान अभ्यासक ज्या झाडांवरून ओळखतात, ती अंजनी, जांभूळ आणि पिसा. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर, कुठेही जा, ही मंडळी सोबतीने उभी असतात. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान फौजेसह इथलाच कुरवंडे घाट उतरला आणि उंबरखिंडीत सापडला, तेव्हा शिवाजी महाराजांचे मावळे झाडीत दबा धरून होते. फेब्रुवारी हा पानगळीचा काळ. मला वाटतं, त्या दिवसांत माणसाला खरा आडोसा सदाहरित झाडांनीच दिला असणार.

अंजनी उंचीने बेताची, पण घेर गच्च. पानं जाड, चकचकीत, समोरासमोर जोडीने येणारी. उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फुलोरा पाहावा. फुलं पानांच्या बगलेत येतात, तशीच जुन्या, निष्पर्ण फांदीच्या गाठींवरही येतात. एक फूल नखाहून लहान; चार पाकळ्या, आठ पुंकेसर, सगळं निळंजांभळं. पाकळ्या लवकर गळतात, पण फांदीभर झुबके असल्यामुळे ती मखमलीत गुंडाळल्यासारखी दिसते. मधमाश्यांची झुंबड उडते. पुढे काळपट जांभळी, वाटाण्याएवढी फळं धरतात, ती पाखरं खातात.

फुलोरा जुन्या फांदीवरही येतो, हे माळ्याला आधी सांगून ठेवा. गोल किंवा चौकोनी आकार देण्याच्या हौसेने दरवर्षी कात्री चालवली, तर फुलांनाच मुकाल. सुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

लागवड अवघड नाही, सबुरी मात्र हवी. पिकलेली फळं गोळा करून गर धुवावा आणि बी ताजंच पिशव्यांत पेरावं. पिशव्या सावलीत ठेवाव्यात. हे झाड सावकाश वाढतं, पण लाकूड लोखंडासारखं कठीण होतं. दोन पावसाळे पाहिलेलं रोप जमिनीत लावावं. खड्डा वैशाखातच खणून तापू द्यावा. मुरूम बाजूला टाकून लाल माती आणि मुरलेलं शेणखत भरावं. पहिल्या सरींनी जमीन भिजली की रोप लावावं, आषाढातल्या झडीची वाट पाहू नये. आपल्याकडे पावसाळ्यात आळं करायचं नसतं. उलट बुंध्याशी उंचवटा करून पाण्याला वाट द्यावी, नाहीतर मुळं कुजतात. आळं करायचं ते दिवाळीनंतर. सुरुवातीचे दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावं आणि पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं, पण ते खोडाला चिकटवू नये, वाळवी लागते. वाऱ्याच्या बाजूने काठीचा आधार आणि गुरांपासून कुंपण हवंच. थंडी संपण्याआधी भोवतीचं गवत कापून टाका. माळावरचा वणवा कोवळ्या रोपाला क्षणात संपवतो.

अनेकांना सीताअशोक हवा असतो. जरूर लावा, पण उघड्या माळावर नको. तो ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारा आहे. विहिरीजवळ किंवा घराच्या आडोशाला, जिथे ओल टिकते, तिथे त्याची केशरी फुलं खुलतील.

हौसेपोटी रानातली रोपं मात्र उपटून आणू नका. अंजनीचं मूळ दुखावलं की ती सहसा जगत नाही, आणि रानही उघडं पडतं. फळं वेचून आणा, तीही थोडी.

शेवटी एक विनंती. ज्या जागेवर घर बांधायचं, तिथे पुष्कळदा अंजनी आधीच उभी असते. आपण जमीन सपाट करताना ती मुळासकट काढतो आणि नंतर नर्सरीत झाड शोधायला जातो. तेव्हा जेसीबी बोलावण्याआधी प्लॉटवर एकदा चालत फिरा, अंजनी दिसेल तिथे चुन्याची खूण करा आणि ती जागा सोडूनच घराचा नकाशा काढायला सांगा.