शेपटीच्या चाकाचे वय

(हट्टा, जि. हिंगोली येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हट्ट्याच्या माणसाला विमान गाठायचे तर नांदेड जवळचे. तिथे उतरणाऱ्या विमानांना नाकाखाली चाक असते आणि त्यांची शेपूट वर राहते. मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या ठेवणीच्या विमानांबद्दल. त्यांना पुढे दोन मोठी चाके आणि मागे शेपटीखाली एक लहान चाक असते. उभी असताना नाक वर आणि बूड जमिनीला. एकेकाळी जवळजवळ सगळी विमाने अशीच बसत. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते पस मॉथ असेच शेपूट टेकवून उभे राहणारे होते. आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा त्या राज्याच्या डेक्कन एअरवेजची डाकोटा विमानेही याच घडणीची. गटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या गुरूकडे शिकून आलेल्या डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 तयार झाले आणि 1951 साली उडाले. तेही मागच्या चाकाचे. 1958 साली त्याच कारखान्यातून पुष्पक निघाले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, 90 अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी शेजारी दोन माणसे. देशातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पिढ्यान्पिढ्या वैमानिक त्यावर शिकले.

अशा जुन्या विमानाच्या देखभालीबद्दल मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. मागच्या चाकाची तपासणी उड्डाणाच्या तासांवर बांधण्याची सवय चुकीची आहे. ती लँडिंगच्या संख्येवर आणि पावसाळ्यांवर बांधली पाहिजे. तासांचा हिशेब इंजिनासाठी ठीक आहे, कारण इंजिन चालते तितका वेळ झिजते. हे चाक मात्र विमान हवेत असताना नुसते लटकलेले असते. त्याची झीज सुरू होते ती टेकताना आणि संपते ती हँगरच्या दारात. टाटांच्या त्या उड्डाणात सात तासांत दोन लँडिंग झाली, अहमदाबाद आणि जुहू. त्या हिशेबाने शंभर तासांत तीस भरतील. उलट, शिकाऊ वैमानिक धावपट्टीभोवती घिरट्या घालत तासाला सहा-आठ वेळा सहज उतरतो. शंभरातले निम्मे तास जरी असे गेले तरी तीनशेच्या वर लँडिंग झाली, आणि तीही शिकाऊ हाताची. लॉगबुकात दोन्हीकडे शंभर तासच लिहिलेले असतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या लँडिंग गिअरचे आयुष्य लँडिंगच्या संख्येने आणि वर्षांनीच मोजले जाते. मोठ्यांना जे कळले ते लहानांच्या वहीत अजून पुरते उतरलेले नाही.

‘एवढ्याशा चाकावर भार तो किती?’ असे यावर पहिल्यांदा विचारले जाते. भार खरोखरच थोडा असतो. विमानाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत-बाहेर. पण काम भारावरून ठरत नाही. या विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो. त्यामुळे धावताना नाक जरा एका बाजूला वळले की मागचे वजन ते वळण आणखी वाढवत नेते, आणि वेळीच आवरले नाही तर विमान स्वतःभोवती गरकन फिरते. वैमानिक त्याला ग्राउंड लूप म्हणतात. वेग असेपर्यंत शेपटीवरचे सुकाणू, म्हणजे रडर, ते आवरते. वेग उतरला की रडरवर वारा उरत नाही, आणि ब्रेक वगळता दिशा धरायला मागचे चाकच असते. म्हणजे रडर दुबळे होते नेमक्या त्याच घटकेला या चाकाची गरज सर्वांत जास्त असते. शिवाय ते फिरते किती ते पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने टेकलेल्या विमानाचे आठ इंची चाक मिनिटाला दीड हजारांवर फेरे घेते. टायर, बेअरिंग आणि आस यांना हे एका क्षणात, उभ्या अवस्थेतून करावे लागते.

आता झीज कुठे होते ते जवळून पाहू. चाक एका कमानीच्या टोकाला असते. ही कमान म्हणजे ट्रकखाली असतात तसेच, पण लहान, एकावर एक बसवलेले पोलादी पाटे. पुढचे टोक सांगाड्याला आवळलेले, मागच्या टोकाला चाकाचा कणा. हा कणा ज्या उभ्या आसाभोवती वळतो तो जमिनीशी कोणता कोन करतो यावर सगळे अवलंबून आहे. आसाची रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे लागते त्याच्या बऱ्याच मागे टायर टेकला पाहिजे; हे अंतर असले की चाक ओढले जाऊन आपोआप सरळ राहते. शेकडो लँडिंगचे दणके खाऊन पाटे बसतात, कमानीचा बाक उतरतो आणि मागचे टोक वर उचलले जाते. आसाचा माथा पुढे झुकतो, खालचे टोक मागे सरकते, अंतर कमी होते, आणि एका वेगाला चाक डावी-उजवीकडे थडथडू लागते. दवाखान्यातल्या ट्रॉलीचे एखादे चाक फडफडताना आपण सगळ्यांनी पाहिले आहे, रोग तोच. ही थडथड सबंध सांगाड्यात जाते, बोल्ट सैल करते आणि पाट्याला भोकापाशी चीर पाडते.

बहुतेक ठिकाणी यावरचा उपाय चुकतो तो इथे. थडथड चाकात दिसते म्हणून चाक बदलतात, टायरमधली हवा कमी-जास्त करतात, नाहीतर स्टिअरिंगच्या स्प्रिंगा ताणून बसवतात. थोडे दिवस बरे वाटते. मूळ दुखणे कमानीत असते आणि ते ओळखायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. विमान सपाट जागी उभे करावे, त्यात इंधन आणि माणसे असावीत, आणि आसाशेजारी ओळंबा धरून पाहावे. रिकाम्या विमानात आस ठीक दिसतो आणि भरल्या विमानात माथा पुढे कलतो. म्हणून रिकाम्या विमानावर केलेली तपासणी फसवी असते. माथा पुढे गेला असेल तर पाटे उतरवायचे. पाटे सुटे केल्यावरच त्यांच्यामधला गंज आणि भोकाभोवतीच्या बारीक चिरा दिसतात, आणि ज्या बोल्टने ते सांगाड्याला धरले होते त्याचे ताणलेले आटेही. शेपूट उचलताना ती आडव्या पंखाला धरून उचलू नये. त्यासाठी ठरवलेल्या जागी धरून घोडीवर टेकवावी. मग चाक हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, आडवे हलवून ढिलेपणा पाहावा, स्प्रिंगांच्या कड्या आणि कॉटर पिना बघाव्यात. एका ठरावीक वळणापलीकडे चाक मोकळे सोडणारी खिट्टी झिजली की ते भलत्या वेळी सुटते. तेव्हा ती उघडूनच तपासावी. ग्रीस भरपूर फासले की देखभाल झाली असे मानणाऱ्यांना एवढेच सांगेन, की आपल्याकडच्या धुळीत बाहेर ओघळलेले ग्रीस माती धरते आणि काही दिवसांत त्याचा घासकागद होतो. जुने पुसून मग नवे भरावे.

पावसाळ्याचा मुद्दा मी वेगळा ठेवला, कारण त्याचा लँडिंगशीही संबंध नाही. असे विमान उभे असते तेव्हा शेपूट सर्वांत खाली असते. कापडाच्या शिवणींतून, काचेच्या कडेने आत गेलेले पाणी उतारावरून वाहत तिथेच येते. खालच्या नळ्या शेपटीच्या खांबाला जिथे मिळतात तिथे ओल साचते, आणि पाणी निघण्याची बारीक भोके माती-गवताने बुजली की ती महिनोन्‌महिने राहते. बाहेरून रंग शाबूत असतो, आतून नळी कागदासारखी पातळ झालेली असते. कमान याच जागी आवळलेली असल्याने लँडिंगचा प्रत्येक दणका त्याच कुजलेल्या नळीवर बसतो. वर्षभर हँगरमध्ये नुसते उभे असलेले विमान, शून्य तासांत, हे दुखणे पैदा करते. म्हणून पावसाळ्याआधी भोके मोकळी करणे आणि पावसाळ्यानंतर तिथल्या नळ्या टोकदार दाभणाने टोचून, शंका आली तर यंत्राने जाडी मोजून पाहणे, हे लॉगबुकातल्या आकड्याची वाट न पाहता झाले पाहिजे.

यावर जाणकार म्हणतील, की उत्पादकाच्या वेळापत्रकात तासांबरोबर वार्षिक तपासणीही असतेच. मग नवे काय सांगता? आक्षेप रास्त आहे. पण वेळापत्रक ही किमान मर्यादा असते. त्याहून लवकर तपासायला कोणताच नियम आडवा येत नाही. वार्षिक तपासणीत इंजिनाला दिवस मिळतात आणि मागच्या चाकाला ग्रीसगनचे दोन दट्टे, ही प्रवृत्ती वेळापत्रकाने बदलत नाही. लँडिंगचा आकडा वहीत वेगळा लिहिला तर निदान ती उघडी पडते. दुसरा आक्षेप आपल्या वसमत-परभणीच्या गॅरेजवाल्यांचा असेल: ट्रकचे पाटे आम्ही ठोकून पुन्हा बाकदार करतो, मग विमानाचे का नको? ट्रकला चार-सहा कमानी असतात आणि एक पाटा तुटला तर ट्रक रस्त्याकडेला थांबतो. विमानाच्या पाट्याला दिलेले पाणी तापवल्याने उतरते, आणि हातोड्याच्या प्रत्येक खुणेतून चीर सुरू होऊ शकते. शिवाय 1937 च्या एअरक्राफ्ट रूल्सनुसार परवाना मिळालेल्या अभियंत्याची सही त्या दुरुस्तीवर हवी, आणि कोठून आला ते माहीत नसलेल्या पाट्यावर शहाणा अभियंता सही करणार नाही. जुन्या विमानांचे सुटे भाग मिळवणे खर्चिक आणि वेळखाऊ आहे हे मला मान्य आहे. तरीही बसलेला पाटा वेळेवर बदलणे रडर आणि पंखाचे टोक दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्तच पडते.

राहिला सर्वांत ठाशीव आक्षेप: ही विमाने गेली, क्लबांमध्ये आता सेसना आहेत, कशाला हा खटाटोप? प्रशिक्षणातून ती बरीचशी गेली हे खरे. पण हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातली डाकोटा आणि हार्वर्ड आहेत, आणि जगभर शेतावर फवारणी करणारी विमाने आजही प्रामुख्याने याच घडणीची आहेत, कारण खडबडीत पट्टीवर पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि नाकाखालचे नाजूक चाक मोडायची भीती नसते. आपल्याकडे 1972 साली उडालेले हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे बसंत याच कामासाठी, याच ठेवणीचे होते. आणि माझ्या हिशेबाला सगळ्यात कडक उदाहरण हेच आहे. फवारणीचे विमान धुळीच्या पट्टीवरून उठते, दहा-पंधरा मिनिटांत टाकी रिकामी करून परत येते, भरते आणि पुन्हा उठते. दिवसभरात लॉगबुकावर तास चढतात मोजके, आणि मागचे चाक टेकते तासाला चार-चार वेळा.