पुन्हा भाकर चावता यावी म्हणून



गेल्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. अकोटच्या बाजारातले काम आटोपून सत्तरीचे एक शेतकरी काका माझ्या दवाखान्यात आले. वर कवळी, खाली एकही दात नाही. म्हणाले, "डाक्टरसाहेब, भाकर चावून दोन वर्स झाले. दुधात कुस्करून खातो. लेकीच्या सासरी पंगतीत बसाची लाज वाटते. खालची कवळी करून पाह्यली, बोलता बोलता उसळते. खुंटा ठोकल्यावानी पक्के दात बसवता येते म्हंते, खरं हाय का?"

मी म्हटले, "काका, खरं आहे. पण खुंटा ठोकला अन् लगेच बैल बांधला, इतकं ते सोपं नाही."

काकांची कवळी का उसळते, ते आधी पाहू. दात असतो तोवर चावण्याचा जोर मुळावाटे जबड्याच्या हाडाला पोचतो. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते आटू लागते. पहिल्या वर्षी तर फार लवकर. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरचा दात लांबतो. म्हणून 'एकच तर दात गेला' असे म्हणून वर्षानुवर्षे थांबू नये.

गेलेल्या दातावर उपाय तीन. काढघालीची कवळी, शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने बसवलेला ब्रिज, आणि तिसरा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले धातूचे मूळ.

या तिसऱ्या उपायाचा शोध मोठ्या गमतीने लागला. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली डॉ. ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे एक लहानसे यंत्र बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम झाल्यावर ते काढू गेले, तो निघेना! हाड त्या धातूला घट्ट चिकटून बसले होते. पुढे १९६५ साली त्यांनी एका रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो गृहस्थ २००६ साली वारला, तोवर चाळीस वर्षे ते टिकले.

आता कृती ऐका. आधी जबड्याचा फोटो आणि रक्तातील साखरेची तपासणी. मग जागा बधिर करून साधारण दहा मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात. यानंतर खरे काम डॉक्टरचे नाही, हाडाचे. पेरणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी बी उकरून पाहतो का आपण? तसेच हे. खालच्या जबड्यात बहुधा तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत थांबावे लागते. मग त्या मुळावर दात चढतो. काही निवडक रुग्णांना लवकर दात देता येतात. पण 'सर्वांना एका दिवसात पक्के दात' असे कोणी म्हणाला, तर चार प्रश्न विचारावेत.

दात मुळीच नसले, तर प्रत्येक दाताला एक स्क्रू लागतो असेही नाही. खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू बसवले की त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय समजावा, असे मत दिले. खर्च लागतोच, पण पुष्कळ कमी. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथेही चौकशी करावी. आणि एवढेही जमले नाही, तर नीट मापाची साधी कवळी वापरण्यात कमीपणा नाही. मात्र रस्त्याकाठी बसून शेजारच्या दातांना तार आणि मसाल्याने दात चिकटवून देणाऱ्याकडे जाऊ नका. त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही जातात.

आता आपल्या वऱ्हाडातली एक कडू गोष्ट. खर्रा! खऱ्र्याने तोंड आखडते. दोन बोटेही आत जात नाहीत, तेथे डॉक्टरची हत्यारे कुठून जाणार? कर्करोगाची भीती आहे ती वेगळीच. विडी-सिगारेटने आणि वाढलेल्या साखरेने हाड धरण्यात अडथळा येतो. वय मात्र आड येत नाही. आणि हा दात किडत नसला, तरी हिरडी सुजून त्याचे हाड झिजू शकते. म्हणून दोन वेळा घासणे आणि वरचेवर दाखवणे चुकत नाही.

काकांची साखर वाढलेली होती, खिशात खऱ्र्याची पुडी होती. मी म्हटले, "आधी ही दोन कामं, मग माझं." ते रागावून गेले. वाटले, आता येत नाहीत. पण आषाढात आले. साखर आटोक्यात, खिसा रिकामा. दोन स्क्रू बसवले. कार्तिकात त्यांवर कवळी बसली.

पौषात त्यांनी मला शेतावर बोलावले. आगटीभोवती लेक, जावई, नातवंडे बसली होती. काकांनी गरम हुरड्याची मूठ तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "खुंटा पक्का हाय, डाक्टरसाहेब. पण बैलाले सहा महिने धीर धरा लागला!"

श्रोतेहो, तो धीर काकांचाच होता. मी फक्त स्क्रू बसवले.