न बोलणाऱ्यांची गणना
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



जी कुटुंबे माहितीपत्रक भरून पाठवितात, त्यांवरून आपण साऱ्या ज्ञातीचे अनुमान बांधतो. ते कितपत ग्राह्य धरावे, याचा विचार आज एका निराळ्या क्षेत्रातील उदाहरणाने करावयाचा आहे.

दूरदेशी असलेल्या मुलाबाळांशी आपण व्हॉट्सॲपवरून बोलतो. एप्रिल २०१६ पासून तेथील संदेश पाठविणाऱ्याच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनात उघडतो. मात्र कुलूप घालण्यास लागणारी समोरच्याची किल्ली आपणांस कंपनीच्या सर्व्हरकडून मिळते. तेथे कोणी खोटी किल्ली दिली, तर मधला मनुष्य संदेश उघडून, वाचून, पुन्हा बंद करून पुढे धाडू शकेल. यावर उपाय म्हणून दोघांच्याही फोनात एक साठ अंकी क्रमांक दाखविलेला असतो. तो परस्परांनी जुळवून पाहणे, हीच किल्लीची पडताळणी होय.

ती किती लोक करतात? २०१६ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी सिग्नल या ॲपवर २८ विद्यार्थ्यांची परीक्षा पाहिली. त्यांपैकी २१ जणांना ही पडताळणी नीट साधली नाही. परंतु प्रयोगशाळेत जे घडते, त्यावरून घरोघरी काय चालते हे उमगत नाही. त्यासाठी ॲपनेच मोजणी केली पाहिजे, आणि पेच आहे तो येथेच. ज्याने गुप्ततेचे वचन दिले, त्याने नकळत नजर ठेवणे हा वचनभंग ठरेल. म्हणून आधी विचारावे आणि होकार मिळाल्यावरच मोजावे, हाच सरळ मार्ग.

तथापि होकार देणारे हे सर्वांचे प्रतिनिधी नव्हेत. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली! यादी एकांगी होती, आणि उत्तर धाडणारेही इतरांहून निराळे होते. पडताळणीच्या बाबतीत तर जो सर्वांत सावध, तोच मोजणीस प्रथम नकार देण्याचा संभव!

भय कमी करण्याची एक युक्ती वॉर्नर या संशोधकाने १९६५ साली सुचविली. तिचे सोपे रूप असे: प्रत्येकाच्या फोनाने मनातल्या मनात नाणे उडवावे. छाप पडल्यास खरे उत्तर द्यावे. काटा पडल्यास पुन्हा नाणे उडवून, पडेल त्याप्रमाणे ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे. एक हजारांतून ३०० ‘होय’ आले, तर त्यांतील सुमारे २५० निव्वळ दैवाचे. उरलेले ५० खरे उत्तर देणाऱ्या सुमारे ५०० जणांतील, म्हणजे प्रमाण शेकडा दहा. एकूण आकडा कळला, पण एकट्याचे उत्तर झाकलेलेच राहिले. यामुळे अधिक लोक होकार देतील; परंतु जे तरीही देणार नाहीत, त्यांचे मौन मौनच राहील. म्हणून किती जणांस विचारले आणि किती जणांनी मान्य केले, हे दोन्ही आकडे प्रामाणिकपणे सांगावेत.

आपल्या मंडळासही हाच न्याय लागू आहे. ज्या घरातून पत्रक आले नाही, तेथे कदाचित शुल्काची विवंचना असेल, कदाचित एखादी एकाकी वृद्धा असेल. केवळ आलेल्या पत्रकांवरून विद्यार्थिनिधीची वाटणी केली, तर ज्यांस गरज अधिक तेच वगळले जातील. त्यांच्या दारी जावे, नम्रपणे विचारावे, नकाराचा मान राखावा. आणि त्यांच्या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावू नये, एवढीच माझी विनंती आहे.