सुधारणेंतून होणारी हानि

आपल्या जिल्ह्यांतील अजिंठ्याचीं चित्रें टिकावींत म्हणून निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटणारा गिलावा सांवरला. परंतु वर दिलेल्या लाखेच्या रोगणानें पुढें रंग काळवंडले, आणि तें काढण्याचें कष्टाचें काम पुढील पिढ्यांवर पडलें.

सुधारणेंतून होणारी अशी हानि संगणकाच्या आज्ञावलींतही नित्य घडते. लिनक्स ही १९९१ पासून वाढत आलेली मुक्त आज्ञावली. तींत कोणी पगारी, कोणी स्वयंसेवक, असे हजारों लोक भर घालतात. दर नऊ-दहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघते. पैकीं पहिले दोन आठवडे नवीन कामाचे, उरलेले परीक्षेचे. काल चालणारें आज अडलें, तर मधल्या बदलांच्या मध्यावरची आवृत्ति चालवून पाहावी. दोष ज्या अर्ध्यांत असेल तो पुन्हां विभागावा. हजार बदल असले तरी दहा परीक्षांत दोषी बदल सांपडतो.

अवघड तें पुढेंच. तो बदल कोणीं रात्रीं जागून, विनामूल्य दिलेला असतो. तो परत करणें जिवावर येतें. तरीही लिनस टॉर्व्हल्ड्स यांचा दंडक असा, कीं वापरणाऱ्याचें चालतें काम मोडतां कामा नये. दुरुस्ती वेळेंत न झाल्यास बदल मागें घ्यावा. निर्दोष होऊन तो पुढील आवृत्तींत येऊं शकतो. लाखेचें रोगण सहजीं उतरत नाहीं. येथें प्रत्येक बदलाची नोंद असल्यानें तो उतरवितां येतो. ही सोय असतां केवळ भिडेस्तव दोष पुढें जाऊं देणें, हा वापरणाऱ्यावर अन्याय होय.