उभ्या गाडीचा हिशेब

मी लखनौहून बोलतोय. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी आलमबागला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझा धंदा प्रवासी गाड्यांचा. नाशिक, सातारा, नागपूरकडून यात्रेकरूंचे गट येतात. त्यांना अयोध्या, नैमिषारण्य, प्रयाग, काशी करवायची. कुणाला ब्रह्मावर्त पाहायचं असेल तर परतताना बिठूरला नानासाहेब पेशव्यांच्या गावी थांबायचं. दोन टेम्पो ट्रॅव्हलर होत्या. आज बोलायचंय ते त्या गाड्या धावण्याबद्दल नाही, उभ्या राहण्याबद्दल. कारण उभ्या गाडीने मला धावत्या गाडीपेक्षा जास्त शिकवलं, आणि त्याची फीही घेतली.

काही वर्षांपूर्वी एका ट्रॅव्हलरचं इंजिन सीझ झालं. ट्रान्सपोर्ट नगरच्या मिस्त्रीने जो आकडा सांगितला तो त्या हंगामात माझ्या आवाक्याबाहेर होता. ओळखीच्या एकाचा तेलीबागेत मोकळा प्लॉट होता. क्रेनने गाडी तिथे नेली, ताडपत्री टाकली आणि विसरून गेलो. विमा संपला, भरला नाही. तिमाही कर भरला नाही. माझा हिशेब सरळ होता. गाडी रस्त्यावरच नाही, तर रस्त्याचा कर कसला?

चौदा महिन्यांनी नोटीस आली. सगळ्या तिमाह्यांचा कर आणि वर दंड. रक्कम सांगत नाही, पण त्या वर्षी मुलीची कॉलेजची फी उसनी घेऊन भरावी लागली. परिवहन कार्यालयात गेलो. प्लॉटवाल्याचं पत्र, क्रेनची पावती, ताडपत्रीखालच्या गाडीचे फोटो, सगळं नेलं. खिडकीतल्या बाबूंनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "गाड़ी खड़ी थी, ये तो आप कह रहे हैं. सरेंडर कब किया?"

सरेंडर. हा शब्द मी ऐकलेला होता, पण मला वाटायचं तो मोठ्या बसवाल्यांचा मामला. उत्तर प्रदेशात मोटारवाहन कराचा कायदा १९९७चा आहे आणि त्याचं कलम १२ नेमकं याच गोष्टीसाठी आहे. व्यावसायिक गाडी सलग महिना किंवा अधिक काळ वापरात नसेल तर तेवढ्या काळाचा कर परत मिळतो, दर तीस दिवसांना तिमाही कराचा एक तृतीयांश. पण अट अशी की गाडीची आरसी, परमिट वगैरे कागद त्या काळात कार्यालयात जमा हवेत. गाडी कुठे उभी आहे तेही लिहून द्यायचं. म्हणजे सवलत गाडी उभी राहिल्याबद्दल नाही, ती उभी राहणार हे आधी कळवल्याबद्दल आहे. शिवाय साधारण तीन महिन्यांपर्यंत हे कर अधिकाऱ्याच्या पातळीवर होतं. त्यापुढे मुदत हवी असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे पुन्हा अर्ज. आणि सरेंडर केलेली गाडी रस्त्यावर सापडली, तर मग बोलायची सोयच राहत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हसू नये, तुमच्याकडेही तेच आहे. १९५८च्या मुंबई मोटारवाहन कर कायद्यात साफ लिहिलंय की गाडी वापरात नव्हती असं कर अधिकाऱ्याने विहित पद्धतीने प्रमाणित केलं नसेल, तर ती वापरात होती किंवा वापरासाठी ठेवली होती असंच धरलं जाईल. तुमच्याकडे याला 'नॉन-यूज टाकणं' म्हणतात. शब्द वेगळा, खिडकी तीच.

मला तेव्हा हा अन्याय वाटला होता. पुढे २०२२च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, तोही उत्तर प्रदेशच्याच कायद्यावर. हप्ते थकले म्हणून एका फायनान्स कंपनीने गाड्या ओढून आणल्या होत्या. कंपनीचं म्हणणं, गाड्या आमच्या ताब्यात नुसत्या पडून आहेत, आम्ही चालवत नाही, मग कर का द्यायचा? न्यायालयाने कर द्यावा लागेल असं सांगितलं. या कायद्याची रीत आधी कर भरा, मग गाडी वापरा अशी आहे. वापरली नसेल तर कलम १२खाली परतावा मागा. एवढ्या मोठ्या कंपनीचं चाललं नाही, तर माझ्या ताडपत्रीच्या फोटोंचं काय चालणार?

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी सरकारी वकील वाटेन. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या गाड्यांबद्दल उलट निकाल दिला. ३६ गाड्या कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालत होत्या. तिथे सामान्य माणसाला शिरता येत नाही. न्यायालय म्हणालं की कर सार्वजनिक जागा वापरण्याचा आहे, आणि या गाड्यांनी ती वापरलेलीच नाही. निकाल आंध्रच्या कायद्यातल्या शब्दांवर आहे. तो वाचून मला दोघांनी फोन केला, "आता तू लढ." माझ्या तेलीबागच्या प्लॉटला भिंत नव्हती, फाटक नव्हतं, रोज संध्याकाळी पोरं तिथे क्रिकेट खेळत. कशाच्या जोरावर लढू?

आता दुसरी गाडी. ही माझी नव्हे, बाबांची मारुती.

बाबा गेले तेव्हा ताई लीड्सहून आली होती. गल्लीत उभी मारुती बघून म्हणाली, "हिला सॉर्न करून टाक ना." मी म्हटलं, "काय करून टाक?" तिकडे गाडी वापरायची नसेल तर सरकारला तसं कळवायचं असतं, त्याचं हे नाव. ही पद्धत १९९८मध्ये सुरू झाली. कळवायला पैसे लागत नाहीत. कराचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. पूर्वी दरवर्षी पुन्हा कळवावं लागायचं, २०१३पासून तेही नाही. पण २०११पासून तिकडे एक सक्ती आहे. गाडी तुमच्या नावावर असेल तर एकतर विमा असलाच पाहिजे, नाहीतर गाडी रस्त्याबाहेर असल्याचं कळवलेलं असलंच पाहिजे. मधली अवस्था नाही. आणि कळवलं की गाडी स्वतःच्या आवारात ठेवायची, रस्त्याच्या कडेला नाही. वर्षाची तपासणी आधी ठरवलेली असेल तरच तेवढ्यासाठी बाहेर काढता येते.

मी ताईला म्हटलं, आपल्याकडे खासगी गाडीचा कर सुरुवातीलाच एकरकमी भरलेला असतो, त्यात वाचवायचं काही नाही. राहिला विमा. तो संपतोय, संपू दे. गाडी कोण चालवणार आहे? ताईने विचारलं, "पण ती उभी आहे ती जागा कुणाची?" मी उत्तर दिलं नाही. आमच्या घराला आवार नाही. मारुती गल्लीतच उभी असायची, दहा वर्षं त्याच जागी. ती जागा मला आमचीच वाटायची.

हँडब्रेक जाम होऊ नये म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांखाली विटा लावल्या होत्या. चार महिने झाले असतील. शेजारी लग्न होतं. मांडववाल्यांना खांब रोवायला जागा हवी होती, त्यांनी विटा काढल्या आणि गाडी ढकलली. गल्लीला थोडा उतार आहे. गाडी त्यांच्या हातातून सुटली आणि खाली भाजीचा ठेला होता त्यावर गेली. ठेलेवाल्याची नडगी मोडली.

मी घरातच होतो. आवाज ऐकून धावलो. तो भाजीवाला आमच्या दारावर वर्षानुवर्षं येणारा, बाबांना 'दादाजी' म्हणणारा. रिक्षात घालून दवाखान्यात नेताना तो मला सांगत होता की टोमॅटो उन्हात आहेत, कुणाला तरी झाकायला सांगा. सहा-सात आठवडे तो घरी बसला. दवाखान्याचा खर्च मी केला, ठेला नवा करून दिला, घरखर्चाला पैसे दिले. मांडववाला म्हणाला, गाडी तुमची. ते बरोबरच होतं.

नंतर एका वकील मित्राने मला १९९१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. प्रकरण महाराष्ट्रातलं. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४वर कवठे गावाजवळ पहाटे पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्ता सोडून कलंडला, पेट्रोल गळत राहिलं. गावातली माणसं जमली. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि त्यात माणसं गेली. एका मृताच्या घरच्यांनी भरपाई मागितली. त्या वेळच्या कायद्यात कुणाची चूक हे न बघता मृत्यूसाठी पंधरा हजार मिळत. न्यायाधिकरणाने नाकारले, मुंबई उच्च न्यायालयाने दिले, आणि प्रकरण वर गेलं. प्रश्न असा होता की आडवा पडलेला, इंजिन बंद असलेला टँकर 'वापरात' होता का? न्यायालयाने होता असं सांगितलं. गाडी थांबली, बिघडली, अपघाताने हलू शकेनाशी झाली, तरी तेवढ्यानं तिचा वापर संपत नाही.

मारुती उभीच होती ही माझी सबब मी हे वाचल्यावर मनातल्या मनातही म्हणायची सोडली. सार्वजनिक जागेत गाडी वापरायला तृतीय पक्षाचा विमा लागतो, मोटारवाहन कायद्याचं कलम १४६. कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती. आमची गल्ली त्यात बसते. विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड चार हजार. पण खरी भीती दंडाची नाही. आजच्या कायद्यात चूक न बघता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख भरपाई आहे. विमा नसेल तर ती मालकाच्या खिशातून जाते. भाजीवाला न्यायाधिकरणात गेला नाही हा त्याचा चांगुलपणा.

विमा वाचवायचाच असेल, आणि गाडी खरोखर बंद गॅरेजमध्ये असेल, तर एक जुनी सोय आहे. ती एजंटही क्वचितच सांगतात. भारतीय मोटार टॅरिफमध्ये ११ क्रमांकाची पुरवणी आहे, गॅरेजमध्ये उभ्या ठेवलेल्या गाडीसाठी. त्या काळात विमा कंपनीची बाकी जबाबदारी स्थगित, पण आग, चोरी, दंगल, पूर यांचं संरक्षण चालू. बदल्यात पुढच्या प्रीमियममध्ये वजावट किंवा पॉलिसीची मुदत वाढवून मिळते. तुमची कंपनी ती कोणत्या अटींवर देते ते लेखी विचारून घ्या. आणि लक्षात घ्या, या काळात दुसऱ्याला इजा झाली तर कंपनी बांधील नाही. म्हणजे ही सोय गल्लीत उभ्या गाडीच्या कामाची नाही. जाता जाता, पॉलिसी संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनसही जातो, पन्नास टक्क्यांपर्यंत साठवलेला असला तरी. आणि मालक वारला तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत गाडी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. मी यातलं काहीच वेळेत केलं नव्हतं. बाबांची गाडी, बाबांच्याच नावावर राहू दे, असं वाटत होतं.

शेवटी नावावर केली, विमा काढला, आणि मग ती नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली. ठेव प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नवीन खासगी गाडीच्या करात राज्याच्या दरानुसार २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ते अजून वापरलेलं नाही. ट्रॅव्हलरचं इंजिन पुढे बसवलं. आता पावसाळ्यात यात्रा थांबतात तेव्हा तिचे कागद महिना सुरू व्हायच्या आधी जमा करतो आणि पोच घेतो. गेल्या खेपेला त्याच खिडकीत बाबूंनी विचारलं, "खड़ी कहाँ करेंगे?" पत्ता लिहून दिला. या प्लॉटला फाटक आहे.